विराम

आवटे नाटक लिहितो, तारिणी ते बोलते,
आणि मी डाव्या विंगेत स्टुलावर बसून
ते पुटपुटते. सतरा वर्षं.
दिवसा लक्ष्मी रोडवरच्या सहकारी बँकेत
लोकांच्या नोटा, संध्याकाळी लोकांची वाक्यं.
दोन्हींत माझं काही नाही,
हिशेब चुकू नये, एवढंच माझं.

एरंडवण्यातल्या शाळेचा हॉल, साडेसातनंतर.
फळ्यावर कुणा बाईंनी लिहिलेला सुविचार,
त्याच्याखाली उभी राहून तारिणी म्हणते,
"मला तो हवाय. तुमच्याइतका नीटनेटका नाही,
म्हणूनच हवाय."
वॉचमन दार ढकलून बघून जातो,
नाटकच चाललंय ना.

माझ्या संहितेत पेन्सिलीच्या खुणा असतात.
नट मुद्दाम थांबणार तिथे "वि."
तिथे तोंड उघडायचं नाही.
विसरणं आणि थांबणं समोरून सारखंच दिसतं,
प्रॉम्प्टरला ते पाठीवरून ओळखावं लागतं.
विसरलेल्या माणसाचे खांदे वर येतात.

या वर्षीचं नवं नाटक
नेहमीसारखं सुवाच्य अक्षरात उतरवत होते.
दुसरा अंक, पान एकेचाळीस. नायिका म्हणते:
"मी रोज एक स्टॉप आधी उतरते.
कुणाला भेटायला नाही.
ती बारा मिनिटं मी कुणाचीच नसते."

हे मी बोलले होते.
नळ स्टॉपला, दिवाळीच्या आधी,
क्रीमरोल चहात बुडवता बुडवता, सहज.
आनंदनगरला उतरून वनाजपर्यंत चालते मी, असं.
आवटेला वाटलं असेल, वाक्य बेवारस पडलंय.
मी पान उलटलं. विचारलं नाही.
सेन्सॉरकडून संहिता शिक्का घेऊन परत आली:
तीन शिव्या गेल्या, एक चुंबन गेलं,
माझं वाक्य पास.

तालमीत सगळे त्या वाक्यामागचा पुरुष शोधायचे.
कोण असेल? वाण्याच्या दुकानातला?
कॉलेजातला जुना कुणी?
तारिणीने तर मनात त्याला नावही ठेवलं,
त्या नावावर तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, अगदी वेळेवर.
मला म्हणावंसं वाटे, अगं, कुणी नाहीये.
पण गुपितात माणूस असला की लोक माफ तरी करतात.
नुसतीच बारा मिनिटं असली
तर काय सांगायचं.

स्पर्धेचा प्रयोग, भरतला.
चौथ्या रांगेत मुकुंद, सतरा वर्षांत पहिल्यांदा,
स्वेटर घालून.
पान एकेचाळीस.
"मी रोज..." तारिणी म्हणाली आणि थांबली.
इथे "वि." नव्हता.
खांदे वर आले.

द्यायचे असतात पहिले दोन शब्द, कुजबुजून.
मी अख्खं दिलं.
काउंटरवरून टोकन नंबर पुकारते
त्या आवाजात.
तारिणीने ते पुन्हा म्हटलं नाही.
विंगेकडे बघत राहिली,
जणू मीच चुकून प्रवेश घेतला होता.

स्कूटरवर मुकुंद पौड फाट्यापर्यंत गप्प.
मग म्हणाला, "मार्क जाणार तुमचे."
गेलेच. परीक्षकांचा शेरा:
"प्रॉम्प्टिंग प्रेक्षागृहात ऐकू आले."
आवटे मिसळीच्या वाटीत बघत म्हणाला, "सॉरी."
मी म्हटलं, "पाव घे."

आणि गुरुवारी रात्री, दिवे गेलेले,
मुकुंद माझ्याकडे पाठ करून
ओट्यावरची मेणबत्ती लावत होता.
"ते तुझं वाक्य," म्हणाला,
"मलापण कधी कधी..."
आणि थांबला.

पुढचा शब्द माझ्या जिभेवर होता.
मी त्याच्या पाठीकडे पाहिलं.
खांदे जागच्या जागी होते.

मी दिला नाही.